दगड आपोआप गोळा होत नाहीत

"हिला ना, दगडातसुद्धा शेती दिसते!"

मंगळवारच्या मीटिंगमध्ये केदार हे बोलला. मराठीत. समोरच्या भिंतीवर माझा स्क्रीन, टेबलाभोवती आम्ही सातजण. पुण्याची प्राजक्ता खुदकन हसली. बाकीच्यांना मराठी येत नाही. त्यातल्या एकानं विचारलं, काय जोक झाला, आम्हालाही कळू दे. मग केदारनं इंग्रजीत समजावून सांगितलं. ही खेड्यातली आहे, कुठंही बघते तिथं हिला शेतच दिसतं. आता सगळेच हसले.

मीसुद्धा हसले. हे आधीच सांगून टाकते, नंतर लपवल्यासारखं नको. दात दिसतील एवढं हसले आणि "सॉरी, राँग विंडो" म्हणून ती खिडकी बंद केली.

आमचं ऑफिस फ्रिस्कोत आहे, टेक्ससमध्ये. उपग्रहातून काढलेले फोटो बघायचे आणि जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला लेबल लावायचं, हे आमचं काम. पीक, पडीक, झाडी, खडक, इमारत. कॉम्प्युटर आधी लावतो, तो चुकला की आम्ही दुरुस्त करतो. नऊ वर्षं मी हेच करतेय. केदार माझा मॅनेजर. वयानं दहा वर्षं मोठा, पुण्याचा, गोड बोलणारा. ऑफिसबाहेर मी त्याला केदारदादा म्हणायचे. माझ्या ग्रीन कार्डच्या कागदांवर मॅनेजर म्हणून त्याचंच नाव आहे.

त्या दिवशी चूक माझीच होती. स्क्रीन शेअर करताना एकच खिडकी शेअर करायची असते, मी अख्खा स्क्रीन केला. त्यात लंच टाइममध्ये उघडलेला एक फोटो तसाच राहिला होता. टेक्ससचा नव्हता तो. वेस्ट बँकमधला, हेब्रॉनच्या दक्षिणेकडचा एक डोंगरउतार. वर मी लिहिलं होतं: लागवडीखालील जमीन.

फोटो समीराचा होता. समीरा आमच्याच अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावर राहते, इथल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. पॅलेस्टिनी आहे. लाँड्रीत ओळख झाली. मग तिच्या घरचा झातर, म्हणजे त्यांच्याकडचा तीळ घातलेला मसाला, माझ्याकडे आणि माझ्या घरची शेंगदाण्याची चटणी तिच्याकडे, असं सुरू झालं. तिचे वडील गावीच असतात, तिच्या भावाच्या घरात. त्या घराला पाडायची नोटीस लागली होती, परवानगीशिवाय बांधलं म्हणून. "मग परवानगी काढायची ना," असं मी येडपटासारखं बोलून गेले. समीरा म्हणाली, "माझ्या बाबांनी चार वेळा अर्ज केला. आमच्या भागात देतच नाहीत."

घराचं ते झालं. घराच्या मागं जमीन होती, तिच्या आजोबांपासूनची. तिच्यावर वेगळी नोटीस. तिथं एक जुना कायदा लावतात. जमीन बरीच वर्षं कसलेली नाही असं दिसलं, तर ती सरकारची. आणि कसलेली आहे की नाही हे ठरवतात विमानातून, उपग्रहातून काढलेल्या फोटोंवरून. सरकारी माणसानं फोटो पाहिला आणि लिहिलं, खडकाळ, नापीक. हरकत घ्यायची मुदत ठरलेली. त्यांची केस बघणाऱ्या वकीलबाई समीराला म्हणाल्या होत्या की फोटो वाचू शकणाऱ्या जाणकाराचं सहीचं निवेदन पाहिजे. तिच्या ओळखीत असं कोण? मी.

"फक्त बघ," ती म्हणाली होती. "खोटं लिही म्हणत नाही. तुला जे दिसेल ते सांग."

मी बघितलं. फोटो उन्हाळ्याच्या शेवटी काढलेला. बार्ली काढून झालेली, पाऊस अजून लांब. हिरवं काही नाही. आमच्या ऑफिसातल्या कुणीही त्याला डोळे झाकून खडक म्हटलं असतं, कॉम्प्युटरनंही म्हटलं असतं. पण उतारावर आडव्या रेघा होत्या, एकीखाली एक. दगड रचून घातलेल्या ताली. आणि प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात एक करडा ठिपका. मी झूम केलं. ठिपका म्हणजे दगडांचा ढीग. वेचून, डोक्यावर वाहून, एका जागी टाकलेले दगड.

दगड आपोआप गोळा होत नाहीत. डोंगर स्वतःचे दगड वेचून कोपऱ्यात नेऊन टाकत नाही. ज्याला दोन मुठी पेरायच्या असतात तो माणूसच ते करतो. पोरंबाळं घेऊन करतो. हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नाही.

मीटिंग संपल्यावर केदार माझ्या डेस्कशी आला. आजूबाजूला कोणी नाही बघून हळूच म्हणाला, "मनावर घेऊ नकोस गं. पण खरं सांगू, गायरानवाल्यांना सगळीकडे गायरानच दिसणार." आणि खांद्यावर थोपटून गेला.

गायरानवाल्यांना. हे त्याला कसं कळलं, मला ठाऊक होतं. मागच्या संक्रांतीला त्याच्या घरी हळदीकुंकू होतं. त्याच्या बायकोनं तिळगूळ देताना प्रेमानं विचारलं, "गावाकडे तुमची शेती किती?" मी खरं सांगितलं. सातबारा आमच्या नावावर नाही, गावच्या गायरानात कसत होतो. "अय्या, म्हणजे सरकारी जागेत?" ती म्हणाली आणि पुढच्या बाईकडे वळली. मला वाटलं होतं, विसरली असेल. कसली विसरते!

गायरान म्हणजे गावची गुरं चरायची सरकारी जमीन. जालना जिल्ह्यातल्या आमच्या गावात ती टेकडीच्या अंगाला होती, नुसता मुरूम आणि दगड. गावातल्या चांगल्या जमिनी ज्यांच्या होत्या त्यांच्या होत्या. आमच्या वस्तीतल्या अकरा घरांनी टेकडीचे दगड वेचले. आई वेचायची, आबा वेचायचे, मी वेचायचे. माझी नखं कायम फुटलेली. ज्वारी व्हायची, मटकी व्हायची. फार नाही, पण कोणाच्या बांधावर जाऊन हात पसरायचा नाही एवढी व्हायची, आणि तेच गावाला खुपत होतं. आधी उभ्या पिकात गुरं सोडली. आबांनी हाकलली, तर आमच्यावरच केस. मग एक दिवस जेसीबी आला, पोलिसांची गाडी आली, तहसीलची माणसं आली.

मी चौथीत होते. शाळेतून पळत आले तेव्हा वस्तीतली चार छपरं जमिनीवर होती, आमचं त्यात होतं. जेसीबी रानाकडे वळलेला. ज्वारी नुकतीच काढलेली, धसकटं पायाला टोचत होती. त्या धसकटांवर उभा राहून एक माणूस कागदावर लिहीत होता. पंचनामा. त्याला पंच म्हणून सह्या पाहिजे होत्या.

"सही येती का रे?" त्यानं आबांना विचारलं.

"येती की!" आबा म्हणाले.

हे नीट सांगायला पाहिजे. आबांना सही नुकतीच यायला लागली होती. रात्रशाळेत शिकले होते, माझ्या पाटीवर गिरवायचे. अंगठ्याचा त्यांना भयंकर राग. कोणी सही मागितली की त्यांची छाती फुगायची. त्या दिवशी मागं छप्पर पडलेलं, आणि माझा बाप पेन घेऊन वाकला आणि मन लावून, जीभ दाताखाली धरून, स्वतःचं नाव लिहायला लागला. वाचून बघावं असं त्यांच्या मनातच आलं नाही. वाचायला त्यांना अजून येत नव्हतं, फक्त नाव यायचं.

मला यायचं. मी त्यांच्या कोपरापाशी उभी होते. कागदावर मी वाचलं: सदर जागा पडीक असून कोणत्याही पिकाची लागवड आढळून आली नाही.

पडीक! धसकटांवर उभा राहून लिहितोय, पडीक! मी तोंड उघडलं. "आबा, यात..." एवढंच बोलले असेन. तो माणूस माझ्याकडे न बघता म्हणाला, "ह्या पोरीला हाकला रे. मोठ्यांच्या कामात नाक घालतीय." आणि आबा, माझे आबा, त्याच्यासमोर माझ्यावरच डाफरले, "गप बस!" मी गप बसले. सही झाली. नंतर कोर्टात तोच कागद पुढं आला. तुझीच सही आहे ना? आहे. मग?

आबा त्यानंतर सही करायची वेळ आली की अंगठा द्यायचे. अगदी माझ्या कॉलेजच्या फॉर्मवरसुद्धा. मी काही बोलले की म्हणायचे, "अंगठा बरा. अंगठ्याला कोन इचारत न्हाई." मला अजून त्या वाक्याचा राग येतो. त्यांच्यावर नाही. माझ्यावर येतो, कारण त्या टेकडीवर आमच्यातली वाचता येणारी एकटी मी होते.

तर एवढं सगळं माझ्यापाशी आणि मी काय केलं? समीराच्या कागदावर सही केली? नाही. अकरा दिवस टाळलं. "ऑफिसमध्ये गडबड आहे, वीकेंडला करते." वीकेंडला म्हटलं, डोकं दुखतंय. ती काही म्हणायची नाही. जिन्यात भेटली की हसायची, तेच जास्त लागायचं.

भीती वाटत होती, दुसरं काय. घरात विशालशी बोलले. विशाल माझा नवरा, नागपूरचा. तिथल्या एका वस्तीत वाढलेला, माझ्यासारखाच पहिल्या पिढीत शिकलेला. तो म्हणाला, "यार, आपण व्हिसावर आहोत. उद्या कोणी नाव शोधलं, हे निवेदन निघालं, केदारनं वर सांगितलं, तर? नोकरी गेली की साठ दिवस. साठ दिवसांत बाडबिस्तरा गुंडाळायचा." मी म्हटलं, "म्हणजे नको करू?" तो बराच वेळ भांडी घासत राहिला. मग म्हणाला, "मला विचारू नको. मी नको म्हणालो तर आयुष्यभर तुझ्या तोंडाकडे बघता येणार नाही." असा आमचा नवरा. ना हो, ना नाही.

बाराव्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले होते. पार्किंगमध्ये समीरा तिच्या गाडीच्या बाजूला जमिनीवर बसलेली. त्या तापलेल्या डांबरावर. लॅबचा कोट अंगात, हातात फोन. फोनवर तिचा भाऊ व्हिडिओ दाखवत होता. घर नव्हतं. छताचा स्लॅब एका बाजूला कलंडलेला, त्याखालून गादीचं एक टोक बाहेर. तिचे वडील एका प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले. कुणीतरी त्यांना पाणी देत होतं, ते घेत नव्हते.

माझं निवेदन जमिनीचं होतं, घराचं नव्हतं. मी पहिल्या दिवशी सही केली असती तरी ते घर पडलंच असतं. वकीलबाईंनी नंतर मला हे दोनदा सांगितलं. मला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

मी समीराच्या शेजारी बसले. ती अरबीत काहीतरी म्हणत होती, मग माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाली, "बाबा म्हणतायत, जमिनीच्या हरकतीला पाच दिवस उरलेत." तिचा बाप घराच्या ढिगाऱ्यावर बसून दिवस मोजत होता, आणि मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं होतं! मला माझी इतकी शिसारी आली की तिच्याकडे बघवेना.

त्या दिवशी ऑफिसात गेल्यावर केदारनं मला कॉफीला बोलावलं. काय वाटलं त्याला कोण जाणे. प्राजक्तानं सांगितलं असेल, तिनं माझ्याकडून समीराबद्दल ऐकलं होतं. केदारचा आवाज एकदम काळजीचा. "हे बघ, तुझ्या भल्याचं सांगतो. त्या कागदावर सही-बिही करू नकोस. आपण इथे पाहुणे. आपण बरं, आपलं काम बरं. तिकडचं त्यांचं भांडण हजार वर्षांचं, आपल्याला काय कळतं त्यातलं? आणि ऑफिसच्या मशीनवर तू ते फोटो उघडलेस हे मी वर सांगितलेलं नाही. नाही सांगणार. पण तू समजून घे."

मी ऐकत होते. त्यानं कप खाली ठेवला आणि हसत म्हणाला, "तुमच्यात ना, हे असतंच. जिथं तिथं अन्याय दिसतो."

"आमच्यात म्हणजे?"

"अगं, तसं नाही..."

"नाही, सांग ना. आमच्यात म्हणजे कोणात?"

तो इकडे तिकडे बघायला लागला. पलीकडच्या टेबलावर प्राजक्ता बसली होती, तिनं मान खाली घातली. आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षांची. नाही, त्याहून जुनी.

मी म्हटलं, "केदार, फोटो ऑफिसच्या मशीनवर उघडला, ती माझी चूक. तू नको सांगू, मीच सांगते वर. आज सांगते. पण तू मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणालास की मला दगडात शेती दिसते. बरोबर बोललास. दिसते. तुला दिसत नाही, कारण तुझ्या घरात कोणी दगड वेचला नाही. तुला ते डिग्रीत कोणी शिकवलं नाही आणि तुझ्या कॉम्प्युटरलाही येत नाही. सही मी करणार आहे. आणि मला पुन्हा गायरानवाली म्हणायचं असेल तर हळूच म्हणू नको. मोठ्यानं म्हण, मी इंग्रजी करून सांगेन सगळ्यांना."

शेवटचं वाक्य जरा जास्तच झालं. पण झालं. केदारदादा मी तेव्हापासून म्हटलेलं नाही.

संध्याकाळी वकीलबाईंशी बोलणं झालं, फोनवर. निवेदनात तुमची पात्रता लिहायची असते. त्या म्हणाल्या, "डिग्री आणि नऊ वर्षांचा अनुभव, पुरेसं आहे." मी म्हटलं, "आणखी एक ओळ घाला." सांगितली. लहानपणी मी आईवडिलांबरोबर अशाच उतारावर दगड वेचून शेती केली आहे. ती जमीन सरकारी कागदात पडीक म्हणून दाखवून आमच्याकडून घेतली गेली. म्हणून कोरडवाहू जमीन पीक निघाल्यावर कशी दिसते हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. बाई म्हणाल्या, "कोर्टाला याची गरज नाही. उलट समोरचा वकील म्हणेल की तुम्ही भावनेच्या भरात लिहिलंय." मी म्हटलं, "म्हणू दे. दोन्ही लिहा. डिग्रीनं मला फोटो उघडायला शिकवलं. त्यात काय आहे ते टेकडीनं."

ओळ गेली. दुसऱ्या दिवशी विशाल माझ्याबरोबर नोटरीकडे आला. गाडी त्यानंच चालवली. नोटरीबाईंनी माझा पासपोर्ट बघितला आणि विचारलं, "तुम्ही हे वाचलंय ना?" त्यांचं ते नेहमीचं वाक्य असणार, रोज पन्नास जणांना विचारत असतील. मी त्यांच्यासमोर पुन्हा सगळं वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, मोठ्यानं. मागच्या रांगेतली माणसं चुळबुळत होती. चुळबुळू देत. मग सही केली.

हरकत मुदतीत दाखल झाली. यापुढं काय होईल सांगता येत नाही. वकीलबाई म्हणतात, वर्षानुवर्षं चालतं, बहुतेक वेळा हरतो. समीराचे वडील आता नातेवाइकांकडे राहतात आणि रोज सकाळी त्या उतारावर जाऊन बसतात. घर गेलं ते गेलंच. मी काही वाचवलं नाही, तसं कोणी मला सांगूही नये.

मला ऑफिसकडून लेखी ताकीद मिळाली, मशीन वापरल्याबद्दल. ती मान्य आहे. त्यानंतर मला टेक्ससच्या कापसावर टाकलंय, जिथं चुकायला काही नाही आणि कळायलाही काही नाही. ग्रीन कार्डचे कागद 'रिव्ह्यूत' आहेत. केदार मीटिंगमध्ये माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलतो. विशाल महिन्याला दोनदा विचारतो, परत जावं लागलं तर पुणे की नागपूर. मी म्हणते, जालना. तो हसत नाही.

मागच्या आठवड्यात समीरा वर आली. तिच्या वडिलांच्या शेजारच्या उतारांवरही नोटिसा लागल्यात. सहा घरांच्या जमिनी. त्यांनी विचारलंय, ती हिंदुस्थानी बाई आमचेही फोटो बघेल का. समीराला विचारताना लाज वाटत होती. म्हणाली, "तू नाही म्हणालीस तरी मला राग येणार नाही. तुझं आधीच बरंच नुकसान झालंय." मी स्वतःचा जुना लॅपटॉप काढला आणि म्हटलं, पाठव.

सोमवारी लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो, केदार आणि मी. दार लागल्यावर तो इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मराठीत बोलला.

"संपलं का तुझं ते प्रकरण?"

"नाही," मी म्हटलं. "अजून सहा घरं आहेत."